टेस्ट प्लॅनची पोथी

सॉफ्टवेअर कंपन्यांमधे सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारं साहित्य कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. टेस्ट प्लॅन. त्याच्या खालोखाल रिलीज नोट्स, पण त्या निदान सपोर्टवाले अडल्यावर तरी वाचतात. टेस्ट प्लॅन मात्र पोथीसारखा. लाल कापडात गुंडाळून ठेवायचा, ऑडिटच्या दिवशी बाहेर काढायचा, हळदकुंकू वाहायचं, सह्या करायच्या आणि परत फडताळात. फरक इतकाच की पोथी निदान कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं.

आधीच सांगून टाकतो, हा लेख टेस्ट प्लॅनच्या विरोधात नाही. उलट मी त्याच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच चिडलोय. टेस्ट प्लॅनचे मारेकरी दोन. एक टोळी चाळीस पानी डॉक्युमेंट बनवणाऱ्यांची. दुसरी टोळी "आम्ही अजाईल आहोत, आमच्याकडे प्लॅन-बिन नसतो" असं छाती काढून सांगणाऱ्यांची. या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण काम दोघं एकच करतात: विचार करायचं टाळतात. एक जण विचाराच्या जागी पानं भरतो, दुसरा विचाराच्या जागी स्टिकी नोट चिकटवतो.

आता हा चाळीस पानी प्लॅन जन्माला कसा येतो ते बघू. ज्यांनी सर्व्हिस कंपनीत दोन वर्षं काढली आहेत त्यांना नवीन काही नाही. प्रोजेक्ट सुरू होऊन दोन महिने झालेले असतात. क्लायंटच्या करारात "टेस्ट प्लॅन" नावाचं एक डिलिव्हरेबल आहे हे कुणालातरी अचानक आठवतं. मग लीड म्हणतो, "अरे मागच्या प्रोजेक्टचा आहे ना, तोच घे, नाव बदल आणि टाक." मागच्या प्रोजेक्टवाल्याने तो त्याच्या मागच्या प्रोजेक्टवरून घेतलेला असतो. अशी ही गुरुशिष्य परंपरा. एका विमा कंपनीच्या प्लॅनमधे, पान २७ वर, "रुग्णाची नोंदणी" हा मॉड्यूल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यावर चार जणांच्या सह्या होत्या. सही करणाऱ्यांमधे एक जण क्लायंटकडचा होता. म्हणजे लिहिणाऱ्याने वाचला नाही, तपासणाऱ्याने वाचला नाही आणि ज्याने पैसे मोजले त्यानेही वाचला नाही. यालाच आपण प्रोसेस म्हणतो.

गंमत अशी, की ज्या साच्याला आपण शिव्या घालतो तो साचा मुळात मूर्ख लोकांनी बनवलेला नव्हता. आयट्रिपलई ८२९ नावाचं एक स्टँडर्ड होतं. १९८३ साली आलं, १९९८ आणि २००८ साली सुधारलं गेलं, आणि २०१३ पासून त्याची जागा २९११९ या नव्या मालिकेने घेतली. (त्या नव्या मालिकेविरुद्ध २०१४ साली टेस्टर लोकांनीच याचिका काढली होती, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) तर या ८२९ मधे टेस्ट प्लॅनचे १६ भाग दिलेले होते. आपल्या कंपनीतलं टेम्प्लेट उघडून बघा, बहुतेक तेच नाव बदलून बसलेले दिसतील. त्यातले तीन भाग मला सोन्यासारखे वाटतात. एक, "कोणत्या गोष्टी तपासणार नाही". दोन, "टेस्टिंग कधी थांबवायचं आणि कुठल्या अटीवर परत सुरू करायचं". तीन, "धोके आणि त्यावरची तजवीज". हे तीन प्रश्न कुठल्याही प्रोजेक्टला विचारा, पाच मिनिटांत खोलीतलं वातावरण बदलतं. कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कॉपी-पेस्ट करता येत नाहीत.

आणि आपण नेमकं काय करतो? "तपासणार नाही" खाली लिहितो "लागू नाही". "कधी थांबवायचं" खाली लिहितो "बिल्ड अस्थिर असल्यास". "धोके" खाली लिहितो "मनुष्यबळाची अनुपलब्धता" आणि तजवीज म्हणून "अतिरिक्त मनुष्यबळ उपलब्ध करून देणे". वा! पाऊस पडला तर? छत्री घ्यावी. छत्री नसेल तर? छत्री उपलब्ध करून द्यावी.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण "काय तपासणार नाही" या एका ओळीवर काय काय अवलंबून असतं त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रॉकेटचं आहे.

४ जून १९९६. फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून एरियान ५ या युरोपियन रॉकेटचं पहिलंच उड्डाण. साधारण ३७ व्या सेकंदाला रॉकेटला दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली आणि थोड्याच क्षणांत रॉकेटचे आकाशात तुकडे झाले. सोबत चार उपग्रह गेले. कारण आज कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात सांगतात: ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या डब्यात कोंबायला गेले, ती मावली नाही. मुख्य यंत्रणा बंद पडली, आणि राखीव यंत्रणाही त्याच सॉफ्टवेअरवर चालत असल्यामुळे त्याच कारणाने बंद पडली. सांगताना सगळे "बघा, ओव्हरफ्लो तपासायला हवा" इथे थांबतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

ही यंत्रणा एरियान ४ मधून जशीच्या तशी उचललेली होती. तिथे ती वर्षानुवर्षं नीट चालली होती. एरियान ५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा होता, आडवा वेग फार लवकर वाढत होता, म्हणून आकडा मोठा झाला. बरं, मग उड्डाणाआधी सगळी यंत्रणा जोडून जी सिम्युलेशन टेस्ट केली त्यात हे दिसलं का नाही? कारण त्या टेस्टमधे ही खरी यंत्रणा जोडलेलीच नव्हती! तिच्या जागी तिची नक्कल करणारं सॉफ्टवेअर होतं. ती आधीच पास झालेली आहे, मग परत कशाला, असा हिशोब. चौकशी समितीने स्पष्ट लिहिलं की नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे वापरून ती तपासली असती तर दोष सापडला असता. त्याहून कहर म्हणजे ज्या हिशोबात हा घोटाळा झाला, त्याचा रॉकेट जमिनीवरून सुटल्यानंतर एरियान ५ ला काही उपयोगच नव्हता. एरियान ४ ची जुनी गरज म्हणून तो चालू राहिला होता.

आता हे वाक्य तुमच्या ऑफिसच्या भाषेत करून बघा. "हा मॉड्यूल मागच्या रिलीजमधे टेस्ट झालाय, यावेळी स्कोपच्या बाहेर." ऐकल्यासारखं वाटतंय ना? कुठल्या मीटिंगमधे, कोणाच्या तोंडून, हेही आठवत असेल. हे वाक्य दर वेळी चूकच असतं असं माझं म्हणणं नाही. सगळं सगळं तपासायला वेळ कुणाकडेच नसतो, स्कोपच्या बाहेर काहीतरी ठेवावंच लागतं. माझं म्हणणं इतकंच आहे की या वाक्याच्या पुढे "कारण" नावाचा शब्द आणि एका माणसाचं नाव लागतं. मॉड्यूल तोच आहे, पण त्याला मिळणारा डेटा तोच आहे का? त्याच्यावर येणारा भार तोच आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं लिहा आणि मग खुशाल बाहेर ठेवा.

दुसरं उदाहरण आपल्या धंद्याच्या जास्त जवळचं. ब्रिटनमधली टीएसबी बँक. एप्रिल २०१८ मधे तिने जुन्या सिस्टीमवरून नव्या सिस्टीमवर सुमारे ५२ लाख ग्राहक एका वीकेंडला हलवले. डेटा हलला, पण सिस्टीम कोसळली. लाखो लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांची खाती दिसायला लागली. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. सीईओला जावं लागलं. २०२२ च्या डिसेंबरमधे नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला आणि २०२३ मधे तेव्हाच्या सीआयओला वैयक्तिक दंड झाला. हो, वैयक्तिक. स्वतःच्या खिशातून, ८१ हजार पौंडांच्या वर.

तिथल्या टेस्टिंगचं काय? नंतरच्या चौकशीत बाहेर आलं की नव्या सिस्टीमसाठी डेटा सेंटर दोन होते आणि भार वगैरे सोसण्याच्या टेस्ट त्यातल्या एकावरच झाल्या होत्या. दोन्ही सारखेच असणार, असं गृहीत होतं. सारखे नव्हते. हे एकच वाक्य प्लॅनमधे ठळक अक्षरात असतं, "दुसरा डेटा सेंटर तपासलेला नाही, तो पहिल्यासारखाच आहे असं आम्ही धरून चाललोय", आणि ते संचालकांसमोर मोठ्याने वाचलं गेलं असतं, तर कुणीतरी एकाने तरी विचारलं असतं की बाबांनो, कशावरून? टेस्ट प्लॅनमधे "एन्व्हायर्नमेंट" नावाचा जो भाग आपण सर्व्हरचे आयपी आणि ब्राउझरच्या आवृत्त्या लिहून भरतो ना, त्याचं खरं काम हे आहे. आपण जिथे टेस्ट करतोय ती जागा आणि ग्राहक जिथे वापरणार ती जागा, यांत फरक काय काय आहेत त्याची यादी. फरकांची यादी!

तिसरं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइकचं एक अपडेट गेलं आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या (आकडा मायक्रोसॉफ्टचा). आपल्याकडेही विमानतळांवर रांगा लागल्या आणि लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण काय होतं? एका भागात २१ रकाने अपेक्षित होते, त्याला माहिती पुरवणारा कोड २० च देत होता. मग टेस्टमधे का नाही सापडलं? कारण तोपर्यंतच्या टेस्टमधे २१ व्या रकान्यात "काहीही चालेल" असंच टाकलेलं होतं. त्या रकान्याकडे कधी कुणाला बघायची वेळच आली नाही. त्या शुक्रवारी पहिल्यांदा तिथे खरी अट आली, प्रोग्रॅम नसलेला २१ वा आकडा वाचायला गेला आणि पडला. शिवाय हे अपडेट आधी थोड्या मशीनवर सोडून बघायची पद्धत त्या प्रकारच्या फाइलसाठी नव्हती. सगळ्यांना एकदम.

इथे टेस्ट नव्हत्या असं नाही. ऑटोमेटेड टेस्ट होत्या, फाइल तपासणारा वेगळा प्रोग्रॅम होता. सगळं हिरवं होतं. म्हणून जेव्हा कुणी मला म्हणतं की "आमची पाच हजार टेस्ट केसेसची ऑटोमेशन सूट आहे, आम्हाला प्लॅन कशाला", तेव्हा मला तो २१ वा रकाना आठवतो. ऑटोमेशन तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रोज रात्री न कंटाळता देतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते कसं देणार? कुठला प्रश्न विचारायचा हे ठरवणं म्हणजे प्लॅन.

एवढी मोठमोठी नावं ऐकून तुम्ही म्हणाल, बाबा रे, आम्ही काही रॉकेट उडवत नाही. ठीक आहे. अगदी घरगुती उदाहरण घेऊ. समजा तुम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप बनवताय. मेंटेनन्स भरा, पावती मिळवा, उशीर झाला तर व्याज. बस, तीन स्क्रीन. नेहमीच्या पद्धतीने प्लॅन लिहिला तर काय होईल? लॉगिन पेजच्या ३० टेस्ट केसेस. पासवर्ड रिकामा, पासवर्ड लहान, पासवर्डमधे स्पेस. लोगो डावीकडे आहे का. बटणाचा रंग बरोबर आहे का. मग डॅशबोर्ड, मग पेमेंट, मग रिपोर्ट. स्क्रीनच्या क्रमाने, सगळ्यांना सारखा न्याय. पहिल्या स्क्रीनला भरपूर वेळ मिळतो आणि शेवटच्या स्क्रीनपर्यंत पोचेपर्यंत रिलीजची तारीख आलेली असते. म्हणजे लोगो झकास तपासला जातो आणि व्याजाचा हिशोब देवावर हवाला.

आता उलटीकडून सुरुवात करा. काय झालं तर सोसायटीच्या मीटिंगमधे मारामारी होईल? एक, पैसे खात्यातून गेले पण ॲपमधे "बाकी" तसंच दिसतंय. दोन, नेटवर्क गेलं म्हणून माणसाने परत बटण दाबलं आणि पैसे दोनदा गेले. तीन, ३०२ नंबरच्या फ्लॅटवाल्याला ३०३ चा हिशोब दिसला. चार, व्याज चुकीच्या तारखेपासून लागलं. हे चार. बाकी सगळं नंतर. आता या चारांवर प्लॅन लिहा. पेमेंट मधेच तुटलं तर काय, बँकेचं उत्तर उशिरा आलं तर काय, उत्तर दोनदा आलं तर काय, फ्लॅट विकला गेला आणि मालक बदलला तर जुनी बाकी कोणाच्या नावावर, एकाच माणसाचे दोन फ्लॅट असतील तर, नवराबायको दोघांनी एकाच वेळी भरले तर. व्याजासाठी महिन्याची अखेर, वर्षाची अखेर आणि २९ फेब्रुवारी. (२९ फेब्रुवारीला हसू नका. २०२४ च्या त्या दिवशी न्यूझीलंडमधे पेट्रोल पंपांवरची कार्डाने पैसे भरायची मशीन कित्येक तास बंद पडली होती. लीप वर्ष दर चार वर्षांनी येतं हे शाळेत आपण सगळेच शिकलो होतो!)

आणि मग शेवटची ओळ: "आयफोनच्या जुन्या मॉडेलवर आणि एकाच वेळी दोनशेपेक्षा जास्त लोक आल्यावर काय होतं ते आम्ही तपासलेलं नाही. पहिली पाच सोसायट्या घेईपर्यंत हे चालेल असं प्रॉडक्ट मॅनेजरने ठरवलं आहे." बघा, हा सगळा प्लॅन एका पानात मावतो. आणि हे एक पान चाळीस पानांपेक्षा लिहायला अवघड आहे. कारण ते लिहायला सोसायटीचं मेंटेनन्स कसं चालतं ते समजून घ्यावं लागतं. सेक्रेटरीशी बोलावं लागतं. डेव्हलपरला "बँकेचं उत्तर आलंच नाही तर तुझा कोड काय करतो" असं विचारावं लागतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं तोच तुमचा पहिला बग. एक ओळ कोड चालवण्याआधी सापडलेला. फुकटात.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

"वेळ नसतो." मान्य, नसतोच. पण वेळ का नसतो? कारण रिलीजची तारीख आधी ठरते, मग तिथून उलटं मोजत येतात. डेव्हलपमेंट लांबलं की तारीख हलत नाही, मधलं टेस्टिंग आक्रसतं. तीन आठवड्यांचे आठ दिवस होतात, आठाचे पाच, आणि त्यात शनिवार-रविवार धरलेले असतात. म्हणूनच तर प्लॅन पाहिजे! तीन आठवड्यांचं काम पाच दिवसांत करायचं असेल तर काय सोडायचं हे शुक्रवारी रात्री अकरा वाजता, थंड पिझ्झा खात ठरवणार का? ते आधी, डोकं ताळ्यावर असताना ठरवून ठेवायचं असतं. ज्याच्याकडे भरपूर वेळ आहे त्याचं प्लॅनवाचून एकवेळ भागेल. ज्याच्याकडे वेळ नाही त्याचं अजिबात भागणार नाही.

"क्लायंट चाळीस पानं मागतो." द्या ना. त्याला पानं हवी असतील तर पानं द्या. पण पहिलं पान हे असू द्या, आणि त्याच्यासमोर बसून ते वाचा. मी पाहिलंय की क्लायंटला "आम्ही हे हे तपासणार नाही" असं स्पष्ट सांगितलं की तो आधी दचकतो, मग चिडतो, आणि मग पहिल्यांदा आपल्याशी कामाचं बोलायला लागतो. "नाही नाही, ते रिपोर्ट राहू द्या, पण हे मात्र तपासाच." ही माहिती दुसऱ्या कुठल्याही रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधे मिळत नाही.

"आम्ही अजाईल आहोत." अजाईलच्या जाहीरनाम्यात, २००१ सालच्या, प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं मानलंय, हे खरं आहे. पण प्लॅनला काही किंमतच नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे हे त्यात लिहूनच ठेवलंय. ते वाक्य मात्र पोस्टरवर छापायला कुणालाच जागा मिळत नाही. दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला एक पान लिहायला अर्धा तास लागतो. स्टँडअपला उभं राहून "काल बग तपासले, आज बग तपासीन, अडचण नाही" म्हणण्यात जेवढा वेळ आठवड्याला जातो तेवढाच.

"आता एआय लिहून देतो की." हा ताजा. खरंच देतो. दोन ओळी टाका, अर्ध्या मिनिटात सुंदर मथळ्यांचा, तक्त्यांसकट टेस्ट प्लॅन हजर. मी एआयच्या विरोधात नाही, टेस्ट केसेसची यादी वाढवायला मीही वापरतो, आणि सुटलेली एखादी शक्यता तो छान दाखवतो. पण तुमच्या कंपनीत कुठला मॉड्यूल नोकरी सोडून गेलेल्या माणसाने लिहिलाय आणि आता त्याला हात लावायला सगळे घाबरतात, हे त्याला कोण सांगणार? आणि "हे तपासायचं नाही" या निर्णयाखाली सही कोण करणार? तो तर करू शकत नाही. पूर्वी चाळीस पानं भरायला निदान दोन दिवस लागायचे, त्या दोन दिवसांत चुकून का होईना, एखादा विचार डोक्यात यायचा. आता ती शक्यताही गेली. पोथी छापायचं यंत्र मिळालं, एवढंच.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. प्रॉडक्शनमधे काहीतरी फुटतं. सोमवारी सकाळी मीटिंग लागते. पहिला प्रश्न काय असतो? "हे टेस्टिंगमधे का नाही सापडलं?" हा प्रश्न कुणाकडे बघून विचारला जातो हे सांगायला नको. टीममधला सगळ्यात धाकटा, सगळ्यात कमी पगाराचा, बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीतून काँट्रॅक्टवर आलेला टेस्टर. तारीख ठरवताना त्याला विचारलेलं नसतं. डेव्हलपमेंट लांबलं तेव्हा त्याचे दिवस कापले तेही न विचारता. "हे सोडून दे, हे मागच्या वेळी झालंय" हे कुणीतरी चहाच्या मशीनपाशी तोंडी सांगितलेलं असतं. पण उत्तर मात्र त्याने द्यायचं. बळीचा बकरा म्हणतात तो हाच.

टेस्ट प्लॅन खरा लिहिलेला असेल तर तो प्रश्न बदलतो. "का नाही सापडलं" च्या जागी "हे न तपासायचा निर्णय आपण का घेतला" असा होतो. निर्णय आपण घेतला. कर्ता बदलला! कुणी घेतला, कुठल्या माहितीवर, तेव्हा बरोबर वाटला होता का, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. ही मोठ्या माणसांची चर्चा झाली. त्यात कुणाला फाशी द्यायची गरज राहत नाही. आणि अगदी खरं सांगायचं तर, म्हणूनच खरा प्लॅन बऱ्याच मॅनेजर लोकांना नको असतो. चाळीस पानी पोथी सोयीची असते, कारण तिच्यात सगळं तपासू असं लिहिलेलं असतं. सगळं तपासू लिहिलं की पुढे काहीही फुटलं तरी दोष तपासणाऱ्याचा. अजाईलवाल्यांचा कोरा कागदही तितकाच सोयीचा, कारण त्याच्यावर कुणाचंच नाव नाही.

टीएसबीच्या बाबतीत नियामक शेवटी वरपर्यंत, सीआयओपर्यंत पोचला. आपल्याकडे तसं सहसा होत नाही, टेस्टरपर्यंत येऊनच चौकशी दमते. म्हणून टेस्टर मंडळींना माझं सांगणं आहे की हे पान तुम्ही स्वतःसाठी लिहा. कुणी मागो न मागो. काय तपासणार, कुठल्या क्रमाने, कशामुळे. टेस्टची जागा आणि खरी जागा यांत फरक काय. काय गृहीत धरलंय. कधी थांबणार. आणि काय तपासणार नाही, आणि ते कुणी ठरवलं. तोंडी कुणी काही कापलं तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे पेमेंट परत करण्याचा भाग या रिलीजमधे तपासत नाहीये, बरोबर ना?" भांडण नाही, आरडाओरडा नाही. माझा अनुभव असा की या मेलला निम्म्या वेळा "नको नको, तो भाग घेच, दोन दिवस वाढवून देतो" असं उत्तर येतं. म्हणजे दोन दिवस होते! फक्त कुणी लिहून मागितले नव्हते.

आणि डेव्हलपर मंडळी, तुम्ही हसू नका. "टेस्टिंगवाले बघून घेतील" म्हणून जो भाग तुम्ही पुढे ढकलता तो त्या पानावर आहे की नाही हे वाचायला एक मिनिट लागतं. मॅनेजर मंडळींनो, पुढच्या वेळी कुणी चाळीस पानी प्लॅन सहीला आणला तर एकच प्रश्न विचारा: "यातलं काय तपासणार नाही आहोत?" समोरचा "सगळं तपासणार" म्हणाला तर सही करू नका. तो खोटं बोलतोय असं नाही. त्याला अजून कुणी खरं बोलायची परवानगी दिलेली नाही, एवढंच.

असो. उद्या रविवार आहे, आणि कुठेतरी कुणीतरी टेस्टर सोमवारच्या रिलीजसाठी ऑफिसात बसलेला असणार. त्याच्या समोरच्या यादीत लोगो पहिला आहे आणि व्याजाचा हिशोब शेवटी. निदान त्याने ती यादी उलटी करावी.